घरात क्रिओल, आरतीत मराठी: 'बिघडलेल्या' लॅटिनची फ्रेंच कशी झाली आणि ती मॉरिशसच्या मराठी माणसाच्या तोंडी कशी बसली?

दहावीचा निकाल लागला की कळंबोलीतल्या घराघरांत एक चर्चा ठरलेली असते. अकरावीला दुसरी भाषा कुठली घ्यायची? मराठी, हिंदी की फ्रेंच? "फ्रेंच घे, स्कोअरिंग आहे," असा सल्ला देणारी एखादी ताई किंवा क्लासवाले सर प्रत्येक सोसायटीत सापडतात. मग मराठी घरातली मुलं दोन वर्षं 'बोंजूर', 'मेर्सी' करतात, चांगले मार्क मिळवतात आणि बारावीनंतर बहुतेक सगळं विसरून जातात.

पण जगात एक जागा अशी आहे, जिथे मराठी माणसाला फ्रेंचमधून जन्मलेली भाषा क्लास लावून शिकावी लागत नाही. तो ती आईच्या मांडीवरच शिकतो. हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर मराठी वंशाची हजारो माणसं राहतात. तिथे गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते, कोकणातली जाखडी नाचली जाते, आरती मराठीत होते. मात्र आरती संपल्यावर प्रसाद वाटताना सगळे जी भाषा बोलतात, ती असते मॉरिशसची क्रिओल. तिचे बहुतेक शब्द फ्रेंचमधून आलेले आहेत.

या क्रिओलला अनेक वर्षं 'मोडकीतोडकी फ्रेंच' म्हणून हिणवलं गेलं. गंमत म्हणजे खुद्द फ्रेंच भाषाही एकेकाळी 'मोडकीतोडकी लॅटिन' होती. ही सगळी गोष्ट समजून घ्यायची तर दोन हजार वर्षं मागे जावं लागेल.

सैनिकांची, बाजाराची लॅटिन

आज जिथे फ्रान्स आहे, त्या भागाला रोमन लोक 'गॉल' म्हणत. तिथे केल्टिक कुळातल्या भाषा बोलल्या जायच्या. इ.स.पूर्व ५८ ते ५० या काळात ज्युलियस सीझरने हा प्रदेश जिंकला आणि त्याच्या मागोमाग लॅटिन आली.

ही लॅटिन म्हणजे कवींची, वक्त्यांची लॅटिन नव्हे. सैनिक, व्यापारी, गाडीवान यांच्या तोंडची ती रांगडी लॅटिन होती. उदाहरणार्थ, ग्रंथांमधल्या लॅटिनमध्ये घोड्याला 'एक्वुस' म्हणतात. सैनिक मात्र 'काबाल्लुस' म्हणायचे, म्हणजे ओझ्याचं तट्टू. फ्रेंचमध्ये टिकला तो हाच शब्द. 'काबाल्लुस'चा झाला 'शव्हाल'.

आपल्याकडे वेगळं काय झालं? संस्कृतातला 'अश्व' पोथीत राहिला आणि 'घोटक'वरून आलेला 'घोडा' रस्त्यावर धावला. 'जल' आणि 'उदक' पूजेपुरते उरले, 'पानीय' म्हणजे पिण्याजोगं, त्याचं 'पाणी' झालं.

डोक्याची गोष्ट तर आणखी मजेदार आहे. लॅटिनमध्ये डोक्यासाठी 'कापुत' हा चांगला शब्द होता. पण लोक थट्टेने डोक्याला 'तेस्ता' म्हणू लागले. तेस्ता म्हणजे मातीचं मडकं! थट्टा जुनी झाली, शब्द राहिला आणि त्याचा झाला 'तेत'. आज फ्रान्समधला डॉक्टरही तुमचं डोकं तपासताना गंभीर चेहऱ्याने 'तेत' म्हणतो, म्हणजे मुळात 'मडकं'च म्हणतो.

शब्द झिजलेही भरपूर. लॅटिनमधला 'आक्वा' म्हणजे पाणी, तो घासून घासून इतका लहान झाला की आज त्याचा उच्चार फक्त 'ओ' उरला आहे. 'ऑगुस्तुस' या महिन्याचं नाव इंग्रजीत 'ऑगस्ट' राहिलं, फ्रेंचमध्ये त्याचं झालं 'ऊत'. काही जण तर नुसतं 'ऊ' म्हणतात. सम्राट ऑगस्टसच्या नावाचा महिना, आणि शिल्लक राहिला एक स्वर.

पाचव्या शतकात रोमन सत्ता कोसळली आणि फ्रँक नावाच्या जर्मनिक टोळ्या राज्यकर्त्या झाल्या. देशाला 'फ्रान्स' हे नाव त्यांच्यावरूनच मिळालं. 'गेर' म्हणजे युद्ध, 'जार्दँ' म्हणजे बाग, 'ब्लाँ' म्हणजे पांढरा असे काही शब्द जर्मनिक भाषांनी दिले. पण जेत्यांनी आपली भाषा लादली नाही, उलट जिंकलेल्यांची भाषा उचलली.

आपण लॅटिन बोलत नाही, हे कळलं कधी?

शेकडो वर्षं या लोकांना वाटत होतं की आपण लॅटिनच बोलतोय. भाषा बदलली आहे, हे उघडपणे मान्य झालं ते इ.स. ८१३ मध्ये. तूर शहरात भरलेल्या धर्मसभेने ठरवलं की पाद्र्यांनी प्रवचन 'गावंढ्या रोमन बोलीत' करावं. कारण साधं होतं. समोर बसलेल्यांना लॅटिन कळतच नव्हती.

त्यानंतर २९ वर्षांनी, १४ फेब्रुवारी ८४२ रोजी स्ट्रासबूर्गमध्ये एक राजकीय घटना घडली. सम्राट शार्लमेनचे दोन नातू, चार्ल्स आणि लुई, यांनी तिसऱ्या भावाविरुद्ध हातमिळवणी केली. एकाचं सैन्य जर्मनिक बोलणारं, दुसऱ्याचं रोमान्स बोलणारं. दोघांनी शपथ घेतली ती समोरच्याच्या सैन्याला कळेल अशा भाषेत. या 'स्ट्रासबूर्गच्या शपथा' लिहून ठेवल्या गेल्या आणि त्यातला रोमान्स भाग हा फ्रेंचचा सर्वांत जुना लिखित पुरावा मानला जातो. कुठलंही काव्य नाही, धर्मग्रंथ नाही. भावाला धडा शिकवण्यासाठी केलेला करार!

मराठीचा सर्वांत जुना पुरावा शोधायला कळंबोलीकरांना फार लांब जायची गरज नाही. याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या अक्षी गावात एक शिलालेख आहे. तो इ.स. १०१२ चा, म्हणजे मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या शिलालेखांपैकी एक मानला जातो. तोही काव्य नाही, दानाची नोंद आहे आणि ते दान मोडणाऱ्याला शिवी आहे. भाषा पहिल्यांदा कागदावर किंवा दगडावर येते ती बहुतेक वेळा कामापुरती. ज्ञानेश्वरी आली त्यानंतर, १२९० मध्ये.

मग 'शुद्ध' फ्रेंच कुणी ठरवली?

मध्ययुगात 'फ्रेंच' नावाची एकच एक भाषा नव्हती. उत्तरेत 'होय'ला 'ऑईल' म्हणायचे, दक्षिणेत 'ऑक'. त्यावरून बोलींचे दोन मोठे गट पडले. शिवाय ब्रेतॉन, बास्क, अल्सेशियन अशा पूर्ण वेगळ्या भाषा होत्याच. या सगळ्यांत पॅरिस आणि आसपासची बोली पुढे गेली. ती इतरांपेक्षा गोड होती म्हणून नाही. राजा तिथे राहायचा म्हणून. पुण्याची मराठी 'प्रमाण' कशी झाली, हे ज्यांना माहीत आहे त्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

ऑगस्ट १५३९ मध्ये राजा पहिला फ्रान्स्वा याने विलेर-कोत्रे इथून एक फर्मान काढलं. न्यायालयाचे निकाल आणि सरकारी कागद लॅटिनऐवजी फ्रेंच मातृभाषेत लिहायचे. त्यातली भाषेविषयीची कलमं फ्रान्समध्ये आजही लागू मानली जातात. याच गावातल्या राजवाड्यात २०२३ मध्ये फ्रेंच भाषेचं आंतरराष्ट्रीय केंद्र सुरू झालं.

१६३५ मध्ये कार्डिनल रिशल्यूने 'अकादेमी फ्राँसेज' स्थापन केली. काम काय, तर भाषेला नियम लावणं आणि शब्दकोश करणं. पहिला शब्दकोश यायला १६९४ उजाडलं. म्हणजे जवळपास साठ वर्षं. सरकारी समित्या वेळ घेतात अशी तक्रार करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

तरीही सामान्य माणूस आपली बोलीच बोलत होता. राज्यक्रांतीनंतर १७९४ मध्ये आबे ग्रेग्वार यांनी अहवाल दिला की किमान ६० लाख लोकांना फ्रेंच अजिबात येत नाही, आणखी तेवढेच लोक नीट संभाषण करू शकत नाहीत आणि शुद्ध फ्रेंच बोलणारे ३० लाखांहून जास्त नाहीत. अहवालाचं नावच होतं बोली नष्ट करण्याची गरज आणि त्याचे मार्ग. समता आणि बंधुतेची घोषणा देणाऱ्या क्रांतीनं बोलींना मात्र त्यात जागा दिली नाही. त्याच काळातला सगळ्यात प्रसिद्ध फ्रेंच माणूस, नेपोलियन, हा कॉर्सिका बेटावरचा. त्याची मातृभाषा फ्रेंच नव्हती आणि तो आयुष्यभर वेगळ्या हेलात फ्रेंच बोलला.

१८८१-८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं आणि शाळा बोलींच्या मागे लागली. ब्रिटनी भागात वर्गात ब्रेतॉन बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी बुटासारखी एखादी वस्तू अडकवत. त्याने दुसऱ्या एखाद्याला बोली बोलताना पकडलं तरच ती त्याच्याकडे जायची. दिवसाच्या शेवटी जिच्या गळ्यात ती असेल, त्या मुलाला शिक्षा.

आपल्याकडे गळ्यात काही अडकवत नाहीत, पण पनवेल-उरण पट्ट्यातल्या आगरी मुलाला विचारा. घरी 'पानी' आणि 'गारी' म्हणणारं पोर शाळेत तेच बोललं की वर्ग हसतो. तेच शब्द आगरी रीलमध्ये आले की मात्र लाखो व्ह्यूज मिळतात.

एका टोपीवरून हॅशटॅग

फ्रेंच शिकणाऱ्या मुलांची सगळ्यात मोठी तक्रार स्पेलिंगची असते. लिहायचं एक, बोलायचं दुसरं. 'ओ' हा उच्चार लिहायला तीन अक्षरं लागतात. यामागचं कारण असं की भाषा झिजत गेली, पण लेखन जुन्या वळणाचं ठेवलं गेलं. लॅटिनशी नातं दिसावं म्हणून काही न बोलली जाणारी अक्षरं तर पंडितांनी नंतर मुद्दाम घुसवली.

काही शब्दांतल्या स्वरांवर एक छोटी टोपी असते. अनेकदा ती तिथे गायब झालेल्या 'स'ची खूण असते. 'ओपिताल' म्हणजे हॉस्पिटल, 'फोरे' म्हणजे फॉरेस्ट. इंग्रजीने 'स' ठेवला, फ्रेंचने 'स' काढून टोपी ठेवली. १९९० मध्ये काही शब्दांवरची ही टोपी ऐच्छिक करण्याचा निर्णय झाला. लोकांनी तो विसरूनही टाकला होता. २०१६ मध्ये पाठ्यपुस्तकांत हे बदल येणार अशी बातमी आली आणि ट्विटरवर 'मी टोपीच्या बाजूने' अशा अर्थाचा हॅशटॅग ट्रेंड झाला.

मराठीतही असा वाद होऊन गेला आहे. आजी-आजोबांच्या जुन्या पत्रांत 'नांव', 'कांहीं', 'केंस' असं लिहिलेलं दिसतं. तो अनुस्वार जुन्या नाकातल्या उच्चाराची खूण होता. उच्चार गेला, टिंब राहिलं. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. आपण टोपी उतरवली, फ्रेंचांनी अजून घट्ट धरून ठेवली आहे.

पनवेल डेपोपर्यंत

फ्रेंच शब्द मराठीत आले ते मुख्यतः इंग्रजीच्या पाठीवर बसून. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची सुमारे तीनशे वर्षं तिथल्या दरबाराची भाषा फ्रेंच राहिली. कोर्ट, जज्ज, अपील, वॉरंट हे सगळे शब्द त्या सत्तेची देणगी. 'बजेट'चं मूळ 'बुजेत' आहे, म्हणजे चामड्याची छोटी पिशवी. पूर्वी अर्थमंत्र्यांच्या बॅगेचा दरवर्षी फोटो निघायचा, तेव्हा खरं तर शब्दाचाच फोटो निघत असे.

काही शब्द नंतर आले. कळंबोलीच्या स्टील मार्केटच्या आसपास ट्रकची कामं चालतात, तिथला 'गॅरेज' हा शब्द फ्रेंच. गाडीच्या आरसी बुकवर 'चेसिस नंबर' असतो, तो 'शासी'सुद्धा फ्रेंच. आणि एसटीचा पनवेल डेपो? इंग्रजीत या शब्दाच्या शेवटी 'टी' लिहितात, पण कुणी उच्चारत नाही. कारण फ्रेंच उच्चारत नाहीत. मराठीने ऐकलं तसं लिहिलं, 'डेपो', आणि स्पेलिंगची कटकटच मिटवली.

थेट आलेला शब्द म्हणायचा तर 'गारदी'. फ्रेंच 'गार्द' म्हणजे पहारेकरी, त्यावरून हा शब्द आल्याचं सांगतात. पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढलेला इब्राहिमखान गारदी हा फ्रेंच सेनापती बुसीच्या तालमीत तयार झालेला. पुढे १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो गारद्यांच्याच हातून.

म्हणजे महाराष्ट्रात फ्रेंच आली ती सुट्या शब्दांच्या रूपात. मॉरिशसमध्ये मात्र उलट झालं. तिथे मराठी माणसंच फ्रेंचच्या अंगणात जाऊन पडली.

मालक फ्रेंच, राज्य इंग्रजांचं, मजूर भारतीय

मॉरिशसवर मुळात वस्ती नव्हती. डच आले आणि १७१० मध्ये निघून गेले. १७१५ मध्ये फ्रान्सने बेटावर हक्क सांगितला, नाव ठेवलं 'इल द फ्रान्स'. काही वर्षांत वसाहत उभी राहिली. मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले गेले, थोडे भारतातूनही.

या गुलामांच्या भाषा वेगवेगळ्या होत्या. मालक फ्रेंच बोलायचा, तीही बहुधा खलाशांची आणि प्रांतोप्रांतीची फ्रेंच, अकादेमीची नव्हे. त्यांना ती शिकवायला कुणी बसलं नव्हतं. हुकूम कळण्यापुरती, एकमेकांशी बोलण्यापुरती जी जुळवाजुळव झाली, ती पुढच्या पिढीची मातृभाषा बनली. हीच क्रिओल.

१८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. पण शरणागतीच्या अटींमध्ये त्यांनी मान्य केलं की इथल्या लोकांचा धर्म, कायदे आणि रीतिरिवाज तसेच राहतील. त्यामुळे राज्य इंग्रजांचं आणि उसाचे मळे, प्रतिष्ठितांचं बोलणं फ्रेंच, असा अजब मामला दीडशेहून अधिक वर्षं चालला.

गुलामगिरी रद्द झाल्यावर मळ्यांना मजूर हवे होते. १८३४ पासून 'गिरमिट' म्हणजे अॅग्रीमेंटवर भारतीय आणले जाऊ लागले. पुढच्या सुमारे ऐंशी वर्षांत आलेल्यांची संख्या साडेचार लाखांच्या आसपास गेली. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर त्यांची नोंद व्हायची, तो 'आप्रवासी घाट' २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. यातले बहुतेक भोजपुरी पट्ट्यातले होते, तमिळ आणि तेलुगूही होते. मराठी लोक मुंबई बंदरातून गेले, बरेचसे कोकणातले आणि घाटावरचे.

मळ्यावर पोहोचलेल्या या मराठी माणसाची अवस्था डोळ्यासमोर आणा. मुकादमाशी बोलायला क्रिओल हवी, शेजारच्या बिहारी कुटुंबाशी बोलायला भोजपुरी. मराठी फक्त आपल्या चार घरांत. पोरं एकत्र खेळू लागली की कुठली भाषा जिंकणार, हे ठरलेलंच होतं.

क्रिओल चालते कशी?

'मोडकीतोडकी' म्हणणाऱ्यांनी तिचं व्याकरण नीट पाहिलेलं नसतं. फ्रेंच शिकणाऱ्याचा जीव क्रियापदं पाठ करण्यात जातो. मी, तू, आम्ही, ते, प्रत्येकाचं रूप वेगळं, काळ बदलला की पुन्हा वेगळं. क्रिओलने हे सगळं सामान घरी ठेवलं आणि छोटे छोटे शब्द घेतले.

'मो मान्झ दिरी' म्हणजे मी भात खातो. 'मो पे मान्झ दिरी', मी भात खातोय. 'मो ती मान्झ दिरी', मी भात खाल्ला. 'मो फिन मान्झ दिरी', माझा भात खाऊन झालाय. 'मो पू मान्झ दिरी', मी भात खाईन. क्रियापद जागचं हलत नाही. 'फिन' हा फ्रेंचमधल्या 'संपलं'वरून आलेला. आपण 'खाऊन झालं' म्हणतो, तेच डोकं.

यातला 'दिरी' शब्दही बघण्यासारखा आहे. फ्रेंचमध्ये भात म्हणजे 'री', आणि 'द्यु री' म्हणजे थोडासा भात. ऐकणाऱ्याला तो एकच शब्द वाटला. तसंच पाण्याचं झालं. 'द लो' म्हणजे थोडं पाणी, त्याचं झालं 'दिलो'. लॅटिनचं 'आक्वा' झिजून फ्रेंचमध्ये 'ओ' उरलं होतं, क्रिओलने त्याला पुन्हा थोडं अंग दिलं. घर म्हणजे 'लाकाझ', पाऊस म्हणजे 'लाप्ली', पक्षी म्हणजे 'झ्वाझो'. यातल्या 'ला' आणि 'झ'ला आता स्वतंत्र अर्थ नाही, ते शब्दाला चिकटून गेले. विचित्र वाटतंय? मुंबईच्या लोकलमध्ये 'एक लेडीज बसली होती' असं आपण म्हणतोच की.

आणि लिंगभेद? लॅटिनमध्ये तीन लिंगं होती, फ्रेंचमध्ये दोन उरली. मराठीने तिन्ही सांभाळली. क्रिओलमध्ये एकही नाही. 'तो', 'ती' आणि 'ते' या तिन्हींसाठी एकच शब्द, 'ली'. 'तो टेबल की ते टेबल' या वादातून मॉरिशसच्या मराठी माणसाची कायमची सुटका झाली आहे.

भारतीयांनीही या भाषेत भर घातली. कोथिंबिरीला तिथे 'कोतोमिली' म्हणतात, हा तमिळ शब्द. चटणीची 'सातिनी' झाली. रस्त्यावर सगळ्यात जास्त खपणारं खाणं म्हणजे 'दालपुरी', आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची चुलत बहीण म्हणा. आणि डाळीच्या वड्याला म्हणतात 'गातो पिमां', शब्दशः 'मिरचीचा केक'!

'ही काय भाषा आहे?'

१२ मार्च १९६८ ला मॉरिशस स्वतंत्र झालं. राज्यघटनेने संसदेची भाषा ठरवली इंग्रजी, आणि सदस्याला हवं तर फ्रेंचमध्ये बोलायची मुभा दिली. ज्या भाषेत उमेदवारांनी मतं मागितली, तिचं नावही त्यात नव्हतं. २०११ च्या जनगणनेत ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी घरात क्रिओल बोलतो असं सांगितलं. फ्रेंच बोलणारे पाच टक्केही नव्हते. शाळेची पुस्तकं मात्र इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये.

क्रिओलला मान मिळवून द्यायला काही माणसं अनेक वर्षं झटली. तेलुगू वंशाचे नाटककार देव विरासामी यांनी शेक्सपिअर क्रिओलमध्ये आणला. 'टेम्पेस्ट'वर बेतलेल्या त्यांच्या १९९१ च्या नाटकाचं नाव होतं 'तुफान'. इंग्रजी नाटक, फ्रेंचमधून जन्मलेली भाषा आणि कळंबोलीतल्या कुणालाही कळेल असं शीर्षक. २००९ मध्ये अर्नो कारपुरान यांचा 'दिक्सिओनेर मोरिसियें' आला, म्हणजे क्रिओल शब्दांचे अर्थ क्रिओलमध्येच देणारा शब्दकोश. २०११ मध्ये अधिकृत लेखनपद्धती ठरली.

तिकडे फ्रान्समध्ये 'खरी फ्रेंच कुठली' हा वाद अजूनही मिटलेला नाही. जगभरात आज ३० कोटींहून जास्त लोक फ्रेंच बोलतात आणि त्यातले निम्म्याहून अधिक आफ्रिकेत आहेत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात माली देशात जन्मलेली गायिका आया नाकामुरा गाणार अशी बातमी आली, तेव्हा अतिउजव्या गटांनी गोंधळ घातला. ती फ्रेंचमध्ये गातच नाही, असा त्यांचा आरोप होता. तिच्या गाण्यांत पॅरिसच्या उपनगरांतली बोली आणि आफ्रिकन शब्द असतात, म्हणून. २६ जुलैच्या संध्याकाळी ती गायली आणि गाताना बाहेर आली ती नेमकी अकादेमी फ्राँसेज जिथे बसते त्याच इमारतीतून. आयोजकांनी उत्तर न देता उत्तर दिलं.

एकाच तासाला दोन भाषा

मॉरिशसच्या मराठी घरांचा प्रश्न मात्र इतका सोपा नाही.

तिथल्या प्राथमिक शाळांत हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू यांच्याबरोबर मराठी हा ऐच्छिक विषय आहे. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचं शिक्षण दिलं जातं. मुलाच्या घरी मराठी बोलली जात नसली, तरी पूर्वजांची भाषा म्हणून ती शाळेत शिकता येते. बेटावरची मराठी आज मुख्यतः या तासावर, भजनांवर आणि गणेशोत्सवावर उभी आहे.

जानेवारी २०१२ मध्ये सरकारने पहिलीपासून क्रिओल हा विषय सुरू केला. क्रिओलच्या कार्यकर्त्यांसाठी हा मोठा विजय होता. आईची भाषा पहिल्यांदाच पुस्तकात आली. पण ती ठेवली गेली याच ऐच्छिक भाषांच्या रांगेत. मुलाने एकतर पूर्वजांची भाषा घ्यायची किंवा क्रिओल. दोन्ही नाही.

हा पर्याय मांडताना एक गृहीत धरलं गेलं. क्रिओल ही आफ्रिकन वंशाच्या समाजाची भाषा आणि मराठी ही मराठी वंशाच्यांची. पण मराठी वंशाचं मूल स्वप्नं क्रिओलमध्येच पाहतं, भांडतं क्रिओलमध्ये, आईकडे हट्ट करतं तोही क्रिओलमध्ये. त्याने वर्गात मराठी घेतली तर ते आपल्या बोलण्याची भाषा लिहायला शिकत नाही. क्रिओल घेतली तर आजोबांच्या आरतीतले शब्द त्याच्यासाठी नुसते आवाज बनून राहतात.

कळंबोलीतला अकरावीचा विद्यार्थी मराठी सोडून फ्रेंच घेतो, तेव्हा त्याच्या घरात, रिक्षात, व्हॉट्सअॅपवर मराठी असतेच. पोर्ट लुईच्या सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तसं नाही. तिथे पालक शाळेचा फॉर्म भरतात, 'मराठी' आणि 'क्रिओल मोरिसियें' असे दोन पर्याय असतात आणि टिक एकाच चौकटीत करायची असते.